खाण नेमकी कुठं थांबते? (परिसर अभ्यास + गणित, इयत्ता ४ थी व ५ वी)



खनिजांचा पाठ शिकवून झाला की वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "खाण कधी बंद होते?" उत्तर ठरलेलं आहे. "कोळसा संपला की!" सगळा वर्ग एका सुरात सांगतो. मोठ्यांना विचारलं तरी बहुतेक जण हेच सांगतील.

खरं म्हणजे बहुतेक खाणी बंद होतात तेव्हा खाली माल शिल्लक असतो. कधी थोडा, कधी पुष्कळ. खाण थांबते ती माल संपला म्हणून नाही, हिशेब जुळेनासा झाला म्हणून. आणि ती कुठं थांबणार याची रेघ पहिलं फावडं पडायच्या आधीच कागदावर मारलेली असते. ही रेघ कशी मारतात, आणि ती अचानक पुढं का सरकते, हे चौथी-पाचवीच्या मुलांना बेरीज-वजाबाकीवर समजतं. आमच्यासारख्या कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तर ते समजायलाच हवं, कारण ती रेघ कुणाच्या तरी घराजवळून जाते.

आधी कापूस, मग कोळसा

मुलांना खाण दाखवायची सोय प्रत्येक शाळेला नसते. कापूस मात्र विदर्भातल्या मुलांना माहीत असतो. पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात, बाई दिवसभरात भरपूर वेचते. दुसरी वेचणीही बरी जाते. शेवटी शेवटी बोंडं बारीक, निम्मा कवडी कापूस, आणि वेचायची मजुरी किलोमागे वाढलेली. मग बाबा काय करतात? कापसाचा भाव चांगला असेल तर तोही वेचून घेतात. भाव पडला असेल तर पऱ्हाटीला कापूस दिसत असतानाही तशीच उपटतात.

आता विचारा, "कापूस संपला होता का?" नाही. मग वेचणी का थांबली? हे उत्तर मुलं स्वतः देतात, आपल्याला सांगावं लागत नाही. वेचायला जितके पैसे लागतात तितकेही हाती येत नाहीत, तिथं थांबायचं. खाणीचं सगळं शास्त्र याच वाक्यावर उभं आहे. फरक एवढाच की खाणीत 'वेचायचा' खर्च जागोजागी बदलतो, कारण मालाच्या वर माती असते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या खुल्या खाणींकडे बघा. गावाबाहेर डोंगरासारखे दिसतात ते मातीचे ढिगारे निसर्गानं दिलेले नाहीत. कोळशाच्या थरावरची माती आणि दगड काढून तिथं टाकलेत. खाणीत काम करणारे पालक याला 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन. एक टन कोळसा काढायला किती घनमीटर ओबी हलवावी लागली, या गुणोत्तराला स्ट्रिपिंग रेशो म्हणतात. खुल्या कोळसा खाणीचं भवितव्य या एका आकड्यावर असतं.

फळ्यावर करण्यासारखा हिशेब देते. आकडे सोपे जावेत म्हणून मी ठरवलेले आहेत, कुठल्याही एका खाणीचे नाहीत.

एक चौरस मीटर जमीन घ्या, म्हणजे वर्गातल्या चार मोठ्या फरशांएवढी. तिच्याखाली १० मीटर जाडीचा कोळशाचा थर आहे. म्हणजे १० घनमीटर कोळसा. एक घनमीटर कोळसा साधारण दीड टन धरू, तर १५ टन झाला. टनाला २००० रुपये मिळतात, आणि तो फोडून, भरून, वाहून न्यायला ६०० रुपये लागतात. राहिले १४००. पंधरा टनांचे २१,००० रुपये. हे पैसे वरची माती काढायला वापरता येतील. एक घनमीटर माती काढायला १५० रुपये लागत असतील तर २१,००० भागिले १५० म्हणजे १४० घनमीटर. आपली जागा एक चौरस मीटरच असल्यामुळं हेच १४० मीटर खोलीही झाली. कोळशावर १४० मीटरपर्यंत माती असेल तर काढणं परवडतं. १४१ व्या मीटरला खिशातून जायला लागतात.

आता गंमत पुढं आहे. कोळशाचा थर आडवा सपाट क्वचितच असतो, तो तिरपा खाली जातो. समजा दर १० मीटर पुढं गेलं की थर १ मीटर खोल जातो. आणि कोळशाचा भाव २००० वरून २३०० झाला. टनामागे १७०० राहिले, पंधरा टनांचे २५,५००, भागिले १५०, म्हणजे १७० मीटर. परवडणारी खोली ३० मीटरनं वाढली. पण थर तिरपा आहे, म्हणून ३० मीटर खोल जायला जमिनीवर ३०० मीटर पुढं सरकावं लागतं.

भाव ३०० रुपयांनी वाढला आणि खाणीची कड ३०० मीटर पुढं आली. आकडे सारखे आले हा आपल्या उदाहरणातला योगायोग आहे, पण सरकणं योगायोगाचं नाही. जमिनीत काहीही बदललेलं नाही. कोळसा तोच, थर तोच. तरी ज्या शेतात काल खाण येणार नव्हती तिथं आज ती येऊ शकते. "आमच्या बाबांना आधी सांगितलं होतं इथपर्यंतच येणार म्हणून," असं मुलं कधी कधी सांगतात. सांगणारा खोटं बोलला असेलच असं नाही. त्या दिवशीच्या हिशेबात रेघ खरोखर तिथंच असेल.

विहिरीसारखा सरळ खड्डा का नाही खणत?

हा प्रश्न हमखास येतो, आणि चांगला आहे. एका घमेल्यात कोरडी वाळू घ्या आणि मुलाला सरळ उभ्या कडांचा खड्डा करायला सांगा. होणारच नाही. वाळू घसरत राहते आणि खड्डा आपोआप वाटीसारखा पसरतो. वाळू ओली केली की कड थोडी जास्त उभी राहते. दगडाचंही तसंच. कठीण खडक जास्त उभा राहतो, माती कमी. म्हणून खुली खाण वरून बघितली तर स्टेडियमसारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्या पायऱ्यांना बेंच म्हणतात, आणि डंपर खाली-वर जायला कडेनं उतरता रस्ता सोडावा लागतो. त्यालाही जागा लागते.

कडेचा उतार किती ठेवायचा यावर भरपूर पैसे अवलंबून असतात. २०० मीटर खोल खाणीत ४५ अंशांचा उतार ठेवला तर कड तळापासून आडवी २०० मीटर बाहेर जाते. ४० अंश ठेवला तर सुमारे २३८ मीटर. पाच अंशांसाठी चहूबाजूंनी ३८ मीटरचा जादा पट्टा, तोही जवळपास सगळा मातीचा. त्यामुळं उतार जितका उभा ठेवता येईल तितका ठेवण्याचा मोह असतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात बिंगहॅम कॅनियन ही तांब्याची प्रचंड खाण आहे, किलोमीटरपेक्षा खोल. १० एप्रिल २०१३ रोजी तिची एक कड कोसळली, कोट्यवधी टन दगड खाली आला. माणूस एकही दगावला नाही, कारण कड हळूहळू सरकतेय हे रडारवर आधी दिसलं होतं आणि सगळ्यांना वेळेवर बाहेर काढलं होतं. मुलांना हा प्रसंग फार आवडतो. मला त्यात कौतुक वाटतं ते रोज नेमानं मोजमाप घेणाऱ्या माणसांचं.

चौकोनांचा खेळ

आता मुख्य कृती. चौकटीच्या वहीचं पान आणि दोन रंगांची पेनं लागतील. प्राथमिकला ऋण संख्या अजून शिकवलेल्या नसतात, म्हणून खर्च लाल आणि कमाई निळी. जमीन आडवी कापली तर कशी दिसेल असं चित्र काढायचं: सात चौकोन रुंद, चार ओळी खोल.

पहिली ओळ (जमिनीचा वरचा थर): सातही चौकोनांत लाल १.
दुसरी ओळ: मधल्या चौकोनात निळे ६, बाकी सहांत लाल २.
तिसरी ओळ: मधल्यात निळे ८, बाकी सहांत लाल ३.
चौथी ओळ: मधल्यात निळे ९, बाकी सहांत लाल ४.

निळ्या आकड्यात तो चौकोन खणायचा खर्च आधीच वजा केलेला आहे असं सांगा. नियम एकच. कुठलाही चौकोन काढायचा असेल तर त्याच्या डोक्यावरचा आणि डोक्याच्या डावी-उजवीकडचा, असे वरचे तीन चौकोन आधी काढायचे. घमेल्यातल्या वाळूची घसरण म्हणजे हाच नियम.

नियम सांगायच्या आधी मुलांना मोकळं सोडलंत तर ती सरळ खाली खणतात: लाल १, निळे ६, ८, ९, एकूण फायदा २२. खूष होतात. मग नियम सांगा आणि पुन्हा करायला लावा.

दुसऱ्या ओळीतले निळे ६ काढायला वरचे तीन लाल काढावे लागतात. ६ वजा ३, फायदा ३. खणायचं.

तिसऱ्या ओळीतल्या ८ साठी खड्डा रुंद करावा लागतो. वर आणखी दोन चौकोन (१ + १), दुसऱ्या ओळीत दोन (२ + २). जादा खर्च ६, जादा कमाई ८. फायदा २ नं वाढला, एकूण ५. खणायचं.

चौथ्या ओळीतल्या ९ साठी पहिल्या ओळीत २, दुसरीत ४, तिसरीत ६, असा जादा खर्च १२. कमाई ९. म्हणजे ३ चा तोटा. एकूण फायदा ५ वरून २ वर उतरतो.

पूर्ण चित्रातला सगळ्यात मोठा निळा आकडा ९ आहे, आणि नेमका तोच सोडून द्यायचा! इथं वर्गात नेहमी वाद होतो. "पण बाई, एकूण तर अजून फायद्यातच आहे ना, २ उरतातच की!" हे म्हणणारं मूल हुशार आहे, त्याला गप्प करू नका. खाण एकूण फायद्यात आहे की नाही हा एक प्रश्न. शेवटचं पाऊल स्वतःचा खर्च भरून काढतं की नाही हा दुसरा. रेघ दुसऱ्या प्रश्नावर ठरते.

वरच्या वर्गाला आणखी एक कोडं देता येईल. वरच्या ओळीत सगळीकडे लाल २, आणि दुसऱ्या ओळीत शेजारी-शेजारी दोन निळे ५. पहिला एकटा काढला तर वरचे तीन, म्हणजे ६ खर्च, १ चा तोटा. दुसरा एकटा काढला तरी १ चा तोटा. मग दोन्ही सोडायचे? दोन्ही मिळून काढले तर वरचे चारच चौकोन काढावे लागतात, कारण मधले दोघांना सामाईक आहेत. खर्च ८, कमाई १०, फायदा २. एकेकटे तोट्यात, जोडीनं फायद्यात. म्हणून एकेक चौकोन तपासून भागत नाही, सगळ्या चित्राचा मिळून सर्वात जास्त फायदा देणारा खड्डा शोधावा लागतो. खऱ्या खाणीत असे चौकोन (खरं तर ठोकळे) लाखांनी असतात. हा खड्डा अचूक शोधून काढायची गणिती रीत हेल्मुट लर्क्स आणि इंगो ग्रॉसमन या दोघांनी १९६५ साली मांडली. आजही खाणींची सॉफ्टवेअरं याच विचारावर चालतात. त्यांचं काम आपल्या पोरांनी पेन्सिलनं केलं, हे त्यांना जरूर सांगा.

शाळेचा चौकोन

आता पहिल्या चित्राकडे परत या आणि वरच्या ओळीत उजवीकडच्या शेवटच्या, म्हणजे सातव्या चौकोनावर एक छोटी शाळा काढा. आत्ताच्या हिशेबात खड्डा तिसऱ्या ओळीपर्यंत जातो आणि वर दुसऱ्या ते सहाव्या चौकोनापर्यंत पसरतो. शाळा वाचली.

मग सांगा, "भाव वाढला." प्रत्येक निळ्या आकड्यात ४ मिळवायचे: १०, १२ आणि १३. आता चौथ्या ओळीतल्या १३ साठी जादा खर्च तोच १२. फायदा १. खणायचं! आणि खड्डा वर पहिल्यापासून सातव्या चौकोनापर्यंत पसरतो. शाळा गेली.

उलटही करून बघा. मूळ आकड्यांतून ३-३ वजा करा, म्हणजे ३, ५, ६. पहिला खड्डा ३ वजा ३, शून्य. पुढचा तर तोट्यातच. खाण सुरूच होत नाही, शाळा सुरक्षित, पण त्या खाणीवर ज्यांना काम मिळालं असतं त्यांना कामही नाही. हेही बोलून दाखवा. आमच्या शाळेत येणाऱ्या निम्म्या डब्यांतली भाजी खाणीच्या पगारावर येते, आणि मुलांसमोर खाण म्हणजे राक्षस असं चित्र उभं करणं मला पटत नाही.

मग खरा प्रश्न विचारा. शाळेच्या चौकोनात आपण लाल १ लिहिलंय, शेजारच्या नुसत्या मातीइतकंच. ते बरोबर आहे का? नवी शाळा बांधायला लागेल, मुलांना लांब जावं लागेल. तिथं किती लिहायचं? वाढलेल्या भावातही शेवटच्या पावलाचा फायदा फक्त १ आहे. म्हणजे शाळेच्या चौकोनात १ ऐवजी ३ लिहिलं तरी खर्च १४ होतो आणि खड्डा आपोआप मागं सरतो. एक मूल म्हणतं १० लिहा, एक म्हणतं १००, एखादं म्हणतं शाळेला आकडाच लिहायचा नाही, तो चौकोन खणायचाच नाही.

गंमत अशी की तिन्ही रीती प्रत्यक्षात वापरतात. जमिनीचा मोबदला, पुनर्वसन, झाडं लावणं, हे रुपयांत मोजून लाल आकड्यांत धरलं जातं. आणि काही चौकोनांना कायदाच कुंपण घालतो. कोळसा खाणीच्या नियमांनुसार रेल्वे, सार्वजनिक रस्ता किंवा इमारत यांच्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय खणता येत नाही, आणि शेजारच्या लीजच्या हद्दीलगत ७.५ मीटरचा पट्टा सोडावा लागतो. गोव्याच्या लोहखनिज खाणींबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला मनाई केली. हा आकड्याचा विषयच नाही, तिथं भाव कितीही वाढो, रेघ हलत नाही.

राहतात ते चौकोन ज्यांत काहीच लिहिलं जात नाही. खाण कोरडी ठेवायला सतत पाणी उपसावं लागतं, त्यानं आसपासच्या विहिरींची पातळी उतरते. धूळ असते. ब्लास्टिंगनं भिंतींना तडे जातात. हे खर्च कुणीतरी भरतंच, फक्त खाणीच्या वहीत ते लाल अक्षरात नसतात. पालकांनो, जनसुनावणीला गेलात तर नकाशावरची रेघ बघताना हेही विचारा, की ती रेघ कोणता भाव धरून मारलीय आणि त्यात कोणते लाल आकडे आहेत. हा प्रश्न विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

माल कुठला आणि माती कुठली?

कोळसा काळा दिसतो, माती वेगळी दिसते. पण लोहखनिज, तांबं, सोनं यांत अशी स्वच्छ सीमा नसते. दगडात धातू कमी-जास्त प्रमाणात मिसळलेला असतो. किती प्रमाणाच्या वर त्याला 'खनिज' म्हणायचं आणि खाली 'टाकाऊ', या आकड्याला कटऑफ ग्रेड म्हणतात. हाही निसर्गानं ठरवलेला नाही.

इथं पुन्हा कापूस कामाला येतो. शेतात उभ्या कापसाचा हिशेब वेगळा आणि वेचून घरात आणलेल्या कापसाचा वेगळा. घरी आणलेला कापूस भाव पडला म्हणून कुणी उकिरड्यावर टाकत नाही. वेचणीचे पैसे गेले ते गेले, आता फक्त बाजारात न्यायचं भाडं सुटतंय का एवढंच बघायचं. खाणीतही तसंच. समजा एक टन दगड खणून वर आणायला ३०० रुपये लागले, त्यातून धातू काढायला ४०० लागतील आणि धातूचे ५०० मिळतील. एकूण ७०० खर्चून ५०० मिळवायचे, हा वेडेपणा वाटतो. पण तो दगड जर खालचा चांगला माल मिळवण्यासाठी काढावाच लागणार होता, तर ३०० गेलेच आहेत. डंपर आता खाणीच्या तोंडाशी उभा आहे. ढिगाऱ्याकडे वळला तर शून्य, कारखान्याकडे वळला तर १०० सुटतात. कारखान्याकडे न्यायचा! खड्ड्याची बाहेरची कड ठरवताना सगळा खर्च धरायचा, आतला माल निवडताना फक्त पुढचा. या दोन रेघांची गल्लत मोठीमोठी माणसं करतात.

गोव्यात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. वर्षानुवर्षं कमी प्रतीचा लोहखनिजाचा दगड टाकाऊ म्हणून ढिगाऱ्यांत गेला. २००० नंतर चीनची मागणी वाढली आणि भाव चढले, तसा तोच दगड जहाजात भरून जाण्याच्या लायकीचा झाला. कालची माती आज माल. आपल्या देशात यासाठी किमान आकडा सरकार ठरवतं. नागपूरला मुख्यालय असलेलं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स तो जाहीर करतं. हेमॅटाइट लोहखनिजासाठी तो ५५ टक्के लोह असा होता, २००९ साली ४५ टक्के केला. म्हणजे ४५ च्या वरचा दगड आज विकला जात नसला तरी मातीत मिसळून टाकता येत नाही, वेगळा साठवायचा. उद्याच्या भावाची आठवण ठेवणारा हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

जमिनीखाली गेलं की

चौथ्या ओळीतले निळे ९ आपण सोडले होते. ते कायमचे सुटले का? कुणीतरी मूल विचारतंच, "बोगदा खणून नाही का काढता येणार?"

येईल. भूमिगत खाणीत वरची माती हलवावी लागत नाही. पण शाफ्ट खोदायचा, हवा खेळवायची, पाणी उपसायचं, छताला आधार द्यायचा, आणि आधारासाठी काही माल खांब म्हणून तिथंच सोडायचा. आपल्या चित्रात समजा बोगद्याचा खर्च ४ आणि ९ पैकी ३ खांबात अडकले. ६ वजा ४, फायदा २. खुल्या खड्ड्यानं ३ चा तोटा होत होता, बोगद्यानं २ चा फायदा. म्हणून वर खुली खाण आणि ठरावीक खोलीनंतर खाली भूमिगत, अशी जोडी अनेक ठिकाणी दिसते. चिलीतली चुकिकामाता ही तांब्याची खाण शंभरेक वर्षं वरून खणली गेली, खड्डा किलोमीटरभर खोल होत आला, आणि २०१९ साली तिथं खड्ड्याच्या खाली भूमिगत खाण सुरू झाली. खड्डा आणखी रुंद करण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. या खाणीच्या कडेला कामगारांचं गाव होतं. २००७-०८ च्या सुमारास ते रिकामं करून माणसं जवळच्या कलामा शहरात हलवली. तिथलं इस्पितळ खाणीच्या दगडांच्या ढिगाऱ्याखाली गेलं. आपला शाळेचा चौकोन काल्पनिक होता, हा नव्हता.

आपल्या जवळ बघायचं तर मॉइल ही नागपूरची मँगनीज कंपनी दोन्ही प्रकारच्या खाणी चालवते. भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्ग खुली आहे, तर चिखला, गुमगाव आणि मध्य प्रदेशातली बालाघाट या भूमिगत.

कोळशात मात्र आपल्याकडे उलटा प्रवासही झालाय. जुन्या भूमिगत खाणींत खांबांच्या रूपानं पुष्कळ कोळसा आत राहिला. मोठी यंत्रं आल्यावर माती काढणं स्वस्त झालं, तेव्हा काही ठिकाणी त्याच जागा वरून खणून तो उरलेला कोळसा काढला गेला. यंत्र बदललं, रेघ बदलली.

भूमिगत खाणीनं वरच्या जमिनीला धक्का लागत नाही असा समज असतो. स्वीडनमधलं किरुना शहर बघा. तिथं लोहखनिज जमिनीखालून काढतात आणि पोकळीवरची जमीन हळूहळू खचत शहराकडे येते. म्हणून शहराचा मधला भागच हलवायचं ठरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथलं जुनं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून सुमारे पाच किलोमीटर दूर नेलं. त्याचे व्हिडिओ मिळतात, वर्गात नक्की दाखवा.

शेवटी केजीएफ. सिनेमा मुलांनी पाहिलेला असतोच, त्यामुळं कोलारचं नाव काढलं की वर्ग जागा होतो. खरी कोलारची खाण सिनेमापेक्षा विलक्षण होती. तीन किलोमीटरहून खोल, खाली दगडच इतका तापलेला की थंड हवा सोडल्याशिवाय माणूस उभा राहू शकत नव्हता. जितकं खोल तितका खर्च जास्त आणि दगडात सोनं कमी. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती बंद झाली, तेव्हा जगात सोन्याचा भाव औंसाला ३०० डॉलरच्याही खाली होता. दहाच वर्षांत, २०११ साली, तो १८०० डॉलरच्या वर गेला. मग वर पडलेल्या, एकदा सोनं काढून झालेल्या भुकटीच्या ढिगाऱ्यांतून पुन्हा सोनं काढायचा विचार सुरू झाला. मुलांना विचारा, २००१ साली कोलारचं सोनं संपलं होतं का? आता "हो" असं उत्तर येत नाही.

हा सगळा पाठ दोन तासिकांत बसतो. पहिलीत कापूस, घमेल्यातली वाळू आणि चौकोनांचा खेळ; दुसरीत भाव बदलणं आणि शाळेचा चौकोन. कोळशाचा फळ्यावरचा हिशेब पाचवीलाच घ्या, चौथीला भागाकार जड जातो. खेळासाठी चार-चारचे गट करा आणि प्रत्येक गटाला शाळा वेगळ्या चौकोनावर काढायला द्या, म्हणजे कुणाची वाचते, कुणाची जाते याची तुलना करता येते. आकडे पेननं लिहिले तरी खड्ड्याची कड मात्र पेन्सिलनंच काढायला सांगा. ती पुसावी लागते.